तुमच्या हातचं टचिंग

अहो, परवा तुमची तेरवी आहे आणि तुमचा फोटो मोठा करायचं काम माझ्याच टेबलावर येऊन पडलं आहे. दुसरं कोण करणार? आयुष्यभर लोकांची गेलेली माणसं महाल भागातल्या आपल्या दुकानातून फ्रेम होऊन घरोघरी गेली. तुम्ही कॅमेऱ्यामागे, मी या खिडकीपाशी टचिंगच्या टेबलाशी. कुणाच्या आजीचे मिटत चाललेले डोळे मी उघडून दिले, कुणाच्या बापाला त्यानं जन्मात न घातलेला कोट चढवला. आज सकाळी प्रमोदनं डब्यातून तुमची निगेटिव्ह शोधून दिली आणि म्हणाला, "आई, तुले जमत असन तरच कर. नाहीतर बाहेरून करून घेऊ." मी म्हटलं, "बाहेरून कायले? त्या चेहऱ्याची मले सवय आहे."

म्हटलं खरं, पण पाकीट अजून उघडलेलं नाही. पेन्सिलला टोक करून ठेवलं, काच पुसली, खालचा आरसा उजेडाकडे वळवला, आणि बसून राहिले. तुमच्याशी आधी एका दुसऱ्या फिल्मबद्दल बोलायचं आहे. ती फिल्म तुम्हालाही ठाऊक होती, मलाही ठाऊक होती, आणि आपण दोघांनी तिच्याबद्दल एक चकार शब्द काढला नाही. आता तुम्ही मधे बोलणार नाही, तेव्हा सगळं सांगून घेते.

आपल्या संसारातलं मोठं भांडण या पेन्सिलीवरून होतं. लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच मला टचिंग शिकवलंत आणि पुढं स्वतःच पस्तावलात. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, चेहऱ्यावरचे खड्डे आणि काळी वर्तुळं तिथं कोरी, पारदर्शक दिसतात. त्या कोऱ्या जागा पेन्सिलीनं भरत जायचं, म्हणजे प्रिंटमध्ये चेहरा उजळतो. माझा हात बारीक होता. स्वल्पविरामासारखे छोटे छोटे फटकारे, एकावर एक, दिसूही नयेत असे. तुमचा हात त्यात कधी बसलाच नाही. तुम्ही आडव्या-उभ्या रेघा मारायचात, चटई विणल्यासारख्या, आणि त्या प्रिंटमध्ये उमटायच्या. मी हसले की म्हणायचात, "म्हणूनच मी मारत नाही."

ती कास्तकाराची पोर आठवते? चेहराभर देवीचे वण होते. दाखवायला फोटो काढून घ्यायला बाप घेऊन आला होता. "थोडे कमी करता आले तं पाहा, बाई," एवढंच बिचारा म्हणाला. मी सगळे काढले. तुम्ही प्रिंट हातात घेऊन म्हणालात, "हे कोन आहे वं? त्या पोरीची बहीण?"

"तेच आहे ते."

"पाहुणे पाहायले येतीन तवा काय सांगशीन?"

"येतीन तं खरं. एकदा आले, पोर बोलली-हसली का, वणाकडे कोनाचं लक्ष राहते?"

"फिल्मवर जे आलं ते आलं. त्याले हात लावाचा नाही. तू त्या काचेवर बसून खोटं बोलून राहिली."

पोरीचं लग्न जमलं. लग्नाचे फोटो काढायला तुम्हीच गेलात, पोटभर जेवून आलात, आणि घरी आल्यावर पुन्हा तेच, फिल्मला हात लावायचा नाही. हे भांडण आपण म्हातारे होईपर्यंत पुरवून पुरवून वापरलं. दुसरा विषय नसला की हा असायचाच.

मग तुमची कंबर दुखायला लागली. तुम्ही म्हणालात कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर वाहून दुखते. मी म्हटलं सायकलीची सीट खाली करा. लघवीला उठल्यावर तुम्ही किती वेळ आत थांबता हे मला दिसत होतं, पण ते विचारायची आपल्यात रीत नव्हती. शेवटी प्रमोद खापरखेड्याहून, पॉवर हाऊसमधून रजा काढून आला आणि तुम्हाला धंतोलीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीही मागे लागून आले.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला, पाहिला, आणि प्रमोदला म्हणाले, जरा बाहेर या. तेव्हा तसंच करत. आजार घरच्यांना सांगायचा, आजाऱ्याला नाही. आजारी माणूस फोटोग्राफर आहे हे त्यांना कुठं माहीत होतं? दार लागलं तसे तुम्ही उठलात, फिल्म पेटीवरून काढलीत, खिडकीला लावलीत आणि पहिलं वाक्य बोललात ते धुलाईबद्दल. "फिक्सर नीट धुतला नाही यानं. चार-सहा वर्षांत पिवळी पडन." कंबरेच्या हाडांवर, खाली कुल्ह्याच्या हाडात, कापसाचे बोळे ठेवावेत तसं पांढरं पांढरं होतं. मलाही दिसलं. निगेटिव्ह वाचण्यात माझंही आयुष्य गेलं होतं.

डॉक्टर आत आले तेव्हा तुम्ही बोट ठेवून विचारलंत, "डॉक्टरसाहेब, हे पांढरं काय आहे?" त्यांनी प्रमोदकडे पाहिलं, प्रमोदनं जमिनीकडे. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि खरं सांगितलं. पुरुषांच्या मूत्राशयाखाली एक ग्रंथी असते, प्रोस्टेट, तिथं कॅन्सर आहे, आणि तो हाडांत उतरला आहे. बरा होणार नाही, पण आवरता येईल. त्या तरुण माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे. तुम्हाला त्यांनी जाणत्या माणसासारखं वागवलं.

ऑपरेशन किंवा गोळ्या, असं त्यांनी सांगितलं. कसलं ऑपरेशन ते, पुरुषाच्या लाजेच्या जागेचं म्हणून, तुम्हाला बाजूला घेऊन समजावलं. तुम्ही गोळ्या घेतो म्हणालात. दर तीन महिन्यांनी कंबरेचा एक्स-रे आणि रक्ताची तपासणी करायची, आणि जुन्या-नव्या फिल्मा शेजारी शेजारी लावून पाहायच्या. औषध लागू पडतंय की नाही ते असं कळायचं. मुंबईला नवीन यंत्र आलंय, त्यात सगळ्या हाडांचा मिळून एक फोटो निघतो, असंही ते म्हणाले. तुम्ही म्हणालात, "आपले इथलेच फोटो बरे. ओळखीचे आहेत."

एक्स-रेवाल्या पोऱ्याला तुम्ही पुढच्या खेपेला चांगलंच कामाला लावलंत. "त्याच मशीनवर काढ बापू, तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच पॉवरवर. उजेड बदलला तं दोन फोटोंची तुलना होत नाही." तो आधी वैतागला, नंतर तुम्हाला डार्करूममध्ये घेऊन गेला. बाहेर आलात तेव्हा दोघं हसत होतात. माणूस आपल्या मरणाचा फोटो काढायला आलाय आणि फोटो धुण्याच्या हायपोच्या गप्पा मारून राहिलाय, असं मला वाटलं आणि रडू फुटेल म्हणून मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले.

फिल्मा आपल्याकडेच राहायच्या. लोक गादीखाली ठेवतात. तुम्ही फोटोच्या ब्रोमाइड कागदाच्या मोठ्या डब्यात, मधे बटर पेपर घालून ठेवल्यात. मी चिडवलं, "नवरदेवाच्या फोटोची कधी एवढी बडदास्त ठेवली नाही."

गोळ्यांनी दुखणं गेलं, हे काही केल्या विसरता येत नाही. महिना-दीड महिन्यात तुम्ही सायकल काढलीत. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागलात. पण त्याच गोळ्यांनी छाती दुखायला लागली, भरून आली, बाईसारखी. तुम्ही बनियन बदलताना पाठ फिरवायला लागलात. मी सदरे उसवले, बाजूनं कापड घातलं आणि खुंटीला लावून दिले. तुम्ही घातले. त्या सदऱ्यांबद्दल आपण कधी बोललो असतो तर कसं बोललो असतो, याचा मी आजही विचार करते, आणि मला पहिलं वाक्यच सुचत नाही. मला तुमची लाज कधी वाटली नाही, हे तरी सांगायला हवं होतं. आता सांगते.

दुसऱ्या फिल्ममध्ये पांढरं थोडं वाढलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, "काकाजी, पांढरं वाढलं म्हणजे वाईटच असं नाही. आजार वाढला तरी पांढरं दिसतं, आणि औषधानं हाड भरून यायला लागलं तरी पांढरंच दिसतं. एका फोटोवरून सांगता येत नाही, पुढचे पाहावे लागतील." मला ते पटलं. तुम्हाला नाही पटलं. घरी येताना रिक्षात आपलं वाजलं.

"कंबर दुखते का?" मी विचारलं.

"नाही."

"सायकल चालवून राहिले ना?"

"हो."

"मंग?"

"फिल्म काय म्हणते ते पाहा ना वं. पांढरं ते पांढरं. तो डॉक्टर मले टचिंग करून सांगून राहिला."

मला भयंकर राग आला. स्वतःच्या कंबरेपेक्षा या माणसाचा फिल्मवर जास्त भरवसा. गोळ्या बंद करायचं तुमच्या मनात येऊन गेलं तेही मला कळलं, कारण बाटलीकडे पाहून तुम्ही दोनदा सुस्कारा टाकलात. त्या दिवसापासून गोळी मी तुमच्या हातावर ठेवायला लागले आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही.

तिसऱ्या फिल्मच्या वेळी मी सावनेरला होते. माझी बहीण शांता पाय मोडून पडली होती, आठवडाभर तिच्याकडे राहावं लागलं. तुम्ही एकटेच जाऊन एक्स-रे काढून आलात. डॉक्टर गावाला गेले होते, फिल्म घेऊन ठेवा आणि पुढच्या सोमवारी या, असं त्यांच्या माणसानं सांगितलं. मी घरात पाय ठेवला तर तुम्ही फिल्म हातात घेऊनच उभे. पाणी प्यायचीही सवड दिली नाहीत. खिडकीला लावून म्हणालात, "पाह्य. कमी झालं. तूच बरोबर होती."

कमी झालं होतं. कापसाचे बोळे गेले होते, त्यांच्या जागी हाड कसं शांत, करडं दिसत होतं. मग तुम्ही आत चहा ठेवायला गेलात, आणि मी सवयीनं फिल्म तिरपी धरली.

काय सांगू तुम्हाला. इतकी वर्षं त्या टेबलाशी बसलेल्या बाईला तुम्ही पेन्सिल दाखवत होतात? तिरप्या उजेडात शिसं चमकतं. पेन्सिल धरावी म्हणून मीडियम लावलेली जागा तेलकट दिसते. आणि आडव्या-उभ्या रेघा, चटईसारख्या. माझ्या टेबलावर बसून, माझी पेन्सिल घेऊन, तुम्ही आपल्या हाडांवरचं पांढरं भरून काढलं होतं. देवीचे वण काढले म्हणून मला आयुष्यभर बोल लावणारा माणूस.

आधी राग आला. मग इतकी माया आली की फिल्म हातात धरवेना. आतून तुम्ही विचारलंत, "काहून वं, काय पाहून राहिली एवढं?" मी म्हटलं, "काही नाही जी. बरं झालं." तुम्ही चहात आलं घातलं होतं. एरवी तुम्हाला चहा करायला सांगितला तर साखर विसरता.

पण सोमवार यायचा होता. तुम्ही माझ्यापुरता विचार केला होता आणि त्या तीन फिल्मा पेटीवर ओळीनं लागणार हे तुमच्या डोक्यातून साफ गेलं होतं, किंवा जाऊ दिलं होतं. डॉक्टर ते पेन्सिलीचं करडं खरं धरणार. पांढरं गेलं म्हणून गोळ्या कमी करणार, किंवा पुढच्या फिल्ममध्ये पांढरं पुन्हा दिसलं की आजार उसळला म्हणून ऑपरेशनला पाठवणार. तुमचं औषध त्या फिल्मांवर चाललं होतं. तुम्हाला बोलले असते तर तुमची मान खाली गेली असती. ते मला नको होतं. आणि गप्प बसले असते तर तुमच्या जिवाशी खेळ झाला असता.

रविवारी तुम्ही गांधीबागेत एका लग्नाच्या ऑर्डरीला गेलात. दुपारी खिडकीत ऊन होतं. मी डबा काढला, कापूस टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि एक एक हाड पुसत गेले. कापूस काळा होत होता आणि खालून पांढरं वर येत होतं, मोठं, आधीच्यापेक्षा दाट. तुम्ही एकट्यानं जे पाहिलं होतं ते मीही एकटीनं पाहिलं. पदरानं फिल्म कोरडी केली, बटर पेपर घातला, डबा जागेवर ठेवला.

सोमवारी डॉक्टरांनी तिन्ही फिल्मा लावल्या. दिवा लागला आणि मी फिल्मकडे नाही, तुमच्याकडे पाहत होते. तुमचा चेहरा आधी पडला, मग तुम्ही सावकाश पुढं होऊन तिसऱ्या फिल्मवरून बोटाचं टोक फिरवलंत, शिसं आहे का पाहायला. मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाहीत. डॉक्टर आपल्याच नादात होते. पुन्हा पुन्हा पाहत होते, रक्ताचा कागद पाहत होते. मग म्हणाले, "काकाजी, या जागांचे काठ पाहा. किती पक्के झालेत. जुनं पांढरं दाट झालंय, पण नवीन डाग कुठंही नाही. रक्तही उतरलंय, दुखणंही नाही. हे हाड भरून येतंय. औषध लागू पडलंय."

तुम्ही माझ्यापासून लपवलं होतं ते बरं होणं होतं. चांगली बातमी होती ती, आणि तुम्ही एक अख्खी दुपार खपून ती पुसून टाकली होती.

परतताना रिक्षात तुम्ही फिल्मा मांडीवर धरून बसलात. बर्डीचा चौक आल्यावर रस्त्याकडे पाहत म्हणालात, "टर्पेंटाइन संपत आलं असन. उद्या घेऊन येतो."

मी म्हटलं, "आणा."

एवढंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही मोठी बाटली आणलीत आणि टेबलाखाली ठेवलीत. आणि गोळी त्यानंतर मला हातावर ठेवावी लागली नाही. जेवण झालं की आपणहून घ्यायचात.

त्या गोळ्यांनी आपल्याला दोन-अडीच वर्षं दिली. चांगली दिली. प्रमोदची मुलगी तुमच्या सायकलीच्या नळीवर बसून सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत जाऊन आली. रंगीत फोटो आले, टचिंगला कुणी विचारेना, तुम्ही मला चिडवलंत की आता तरी खोटं बोलणं बंद होईल. मग एका फिल्ममध्ये पाठीच्या मणक्यांत नवीन जागा दिसल्या. त्या खेपेला डॉक्टरांना सांगावं लागलं नाही. तुम्ही फिल्म घरी आणलीत, खिडकीला लावलीत, माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "हे आता खरं आहे." पेन्सिलीकडे तुम्ही पाहिलं नाहीत, मीही नाही.

गेल्या दिवाळीत तुम्ही स्टुडिओतल्या स्टुलावर जाऊन बसलात आणि म्हणालात, "आज तू काढ." फोकस तुम्हीच बसल्या बसल्या सांगितलात. गाल आत गेले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी कॅमेऱ्याचा रबरी बल्ब दाबला. निगेटिव्ह तुम्ही स्वतः धुतलीत आणि मला न दाखवता डब्यात टाकलीत. कशासाठी काढून घेतली ते मला तेव्हाच कळलं होतं.

तीच ही. आता पाकीट उघडलं.

आणि अहो, यावर आधीच पेन्सिल आहे.

गाल भरले आहेत. डोळ्यांखालचं भरलं आहे. आडव्या-उभ्या रेघा, चटई विणल्यासारख्या. परवाच्या दिवसासाठी मला तुमचे खोल गेलेले गाल या काचेवर बसून भरावे लागू नयेत, म्हणून तुम्ही ते काम उरकून गेलात. फिल्मला हात लावायचा नाही म्हणणारा माणूस दोनदा पेन्सिल घेऊन बसला, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी. आपल्या त्या भांडणात मी जिंकले, पण जिंकल्याचं सांगू कुणाला?

मी निगेटिव्ह प्रमोदकडे दिली, त्यानं छोटा प्रिंट काढून पाहिला. डावा गाल फुगला आहे, तोंडात पान धरल्यासारखा. डोळ्याखाली रेघा दिसतात. तो प्रिंट उजेडात धरून म्हणाला, "आई, हे काय होऊन राहिलं बाबांच्या गालावर? धुऊन टाक ना, तू नीट कर."

टेबलाखाली तुम्ही आणलेली टर्पेंटाइनची बाटली आहे. अजून बरीच शिल्लक आहे. मी ती पायानं थोडी मागे सरकवली.

"राहू दे," मी म्हटलं. "असाच मोठा कर."

तेरवीला लोक येतील, हार घातलेल्या फोटोकडे पाहतील आणि मनात म्हणतील, बाईचा हात गेला, नवऱ्याचा फोटो बिघडवला. म्हणू देत. ती एक्स-रेची फिल्म मी धुतली, ही धुणार नाही.